पितळी ठिपका

आईच्या दारामागच्या आकड्याला खिळ्यांची जी जोडी टांगलेली होती, ती आईची नव्हती. हे मला अंत्यविधीनंतर चौथ्या दिवशी कळले, आणि तेही ती पायात चढवून अर्धे अंगण ओलांडल्यावर.

खिळे म्हणजे बुटावर ओढून चढवायची रबराची जाळी. तिच्या तळाला पोलादाचे आखूड खिळे असतात, चवड्याखाली सहा आणि टाचेखाली चार. नोव्हेंबर ते एप्रिल आमच्या हापासाल्मी गावात त्यांच्यावाचून कुणी टपालपेटीपर्यंतही जात नाही. आई त्यांवर पळायची. बहात्तराव्या वर्षीही आठवड्यातल्या पाच सकाळी गोठलेल्या तळ्यावरचा आठ किलोमीटरचा फेरा ती घालत असे. तिच्या डाव्या टाचेचा एक खिळा केव्हातरी निसटून गेला, तेव्हा तिने नवी जोडी न घेता बाबांच्या जुन्या होडीतला एक पितळी स्क्रू त्या जागी बसवला. त्याचे डोके गोल, वाटाण्याएवढे. बर्फ धरायला त्याचा काही उपयोग नाही, हे मी तिला सांगितले होते. ती म्हणाली, "धरत नाही, पण टकटक वाजतो. तेवढीच सोबत."

त्यामुळे तिचे डावे पाऊल बर्फावर लांबूनही ओळखू यायचे. नऊ टोचे आणि एक ठिपका.

माझ्या पायात होती त्या जोडीला सगळे खिळे जागच्या जागी होते. टाचेचे रबरही एक माप मोठे होते. मग मला तो फोन आठवला.

तो गुरुवार होता. मी तुर्कू शहरात माझ्या टेबलाशी कुणाच्यातरी प्रवासवर्णनाची मुद्रिते तपासत होते. तोच माझा व्यवसाय आहे, इतरांचे चुकीच्या जागी पडलेले विराम उचलून ठेवण्याचा. आईचा फोन मी खांदा आणि कान यांच्यामध्ये धरला होता. ती सांगत होती की काल गावच्या सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, ओसरीवर खिळ्यांची अदलाबदल झाली, आणि आज सकाळी ती दुसरीचेच खिळे घालून पळाली. पाऊल आत सारखे सरकत होते, कुणीतरी बोटाला धरून पुढे नेत असल्यासारखे.

"मग परत करून टाक," मी म्हणाले.

"शनिवारी. शनिवारी आता बोलावंच लागेल तिच्याशी." आणि ती हसली. ती म्हणजे कोण, हे मी विचारले नाही. माझ्यासमोरच्या वाक्यात क्रियापद सापडत नव्हते. मग तिने विचारले, "तू कधी येतेस? फांद्या मार्चअखेरपर्यंत आहेत."

"बघते," मी म्हणाले.

गेली सहा वर्षे मी 'बघते' म्हणत होते. वर्षातून एक फेरा तिच्याबरोबर पळायचा, असे आमचे ठरले होते. पहिल्या वर्षी माझा घोटा दुखत होता. नंतरच्या वर्षांची कारणे मला आता आठवतही नाहीत.

शुक्रवारी सकाळी टपालवाल्या बाईला स्वयंपाकघरात दिवा दिसला, आणि आई टेबलाशी बसलेली दिसली. कॉफी ओतलेली होती. हृदय बंद पडले, तिला काही कळलेही नसेल, असे डॉक्टर म्हणाले, आणि मग ज्याने त्याने मला तेच सांगितले. शनिवार आला तेव्हा ती चर्चच्या तळघरात, दफनापर्यंत ठेवलेली होती.

घरातल्या वस्तूंची वाटणी मामाने आणि माझ्या भावाने केली. मी काही मागितले नाही. मला तिची खिळ्यांची जोडी तेवढी हवी होती. ती घालून एकदा, फांद्या काढण्याआधी, तो फेरा पुरा करायचा होता. मार्चच्या शेवटच्या रविवारी गावकरी वाट दाखवायला तळ्यावर रोवलेल्या फांद्या उपटतात आणि त्यानंतर बर्फावर कुणी जात नाही. त्यानंतरच्या सोमवारी मला कामावर हजर व्हायचे होते.

*

आमच्या अंगणाची वाट जिथे तळ्याकडे उतरू लागते तिथे एक जुना पाइन आहे. अंत्यविधीच्या दिवशी ताव्हेत्तीमामाने सगळ्यांना तिथे थांबवले, खिशातून चाकू काढला आणि खोडाची साल तासून आईच्या नावाची अक्षरे आणि वर्ष कोरले. त्याच्या आजीने तिच्या नवऱ्यासाठी असे केले होते. मेलेल्याला घराची ओढ लागते, तो उठून परत निघतो. पण वाटेत झाडावर आपलेच नाव वाचले की त्याला उमगते आणि तो मागे फिरतो. पाळकबाई जरा बाजूला उभी राहून आपले हातमोजे बघत राहिली.

"आता एल्मा परत येऊन तुझं कपाट आवरणार नाही," मामा मला म्हणाला आणि चाकू पुसला. त्याचे डोळे लाल झाले होते, पण गार वारा होता.

मी पुष्कळ वाचलेली बाई आहे. या प्रथेवर लिहिलेला एक जाड प्रबंध मी स्वतः तपासला आहे. तरी त्या संध्याकाळी खिडकीशी उभी राहून मी त्या झाडाला मनातल्या मनात म्हणाले की, येऊ दे तिला, कपाट खरोखरच आवरायला झाले आहे.

*

पाचव्या सकाळी मी त्या परक्या खिळ्यांवर तळ्यावर उतरले. रात्री पिठासारखा बारीक बर्फ पडला होता, करंगळीच्या पेराएवढा. त्याखाली कठीण, काळसर थर. आकाश आणि तळे एकाच रंगाचे होते, दुधात निळीचा थेंब पडावा तसे, आणि क्षितिज कुठे तेच कळत नव्हते. दर पन्नास पावलांवर बर्फात रोवलेली फर झाडाची फांदी दिसायची, मग तिच्यापलीकडे पुढची, आणि तिसरी धुक्यात असल्यासारखी भासायची. खाली तळे अधूनमधून घुमत होते. मार्च जवळ आला की बर्फ ताणला जातो आणि असा लांबवर जाणारा आवाज करतो. लहानपणी आई सांगायची, तळे कूस बदलते आहे.

गळ्यात दोन दाभणे होती, बर्फ फुटलाच तर कडेला रोवून वर येण्यासाठी. ती छातीवर एकमेकांवर आपटत होती. त्या तालावर मी पळत होते आणि खाली बघत होते, कारण माझी नजर सवयीने खालीच असते.

अकराव्या की बाराव्या फांदीपाशी मला तो दिसला. डाव्या पावलाचा ठसा. चवड्याखाली सहा टोचे, टाचेखाली तीन, आणि त्यांच्या शेजारी वाटाण्याएवढा गोल ठिपका.

मी थांबले. ठसा ताजा होता. रात्रीच्या बर्फावर उमटलेला, कडा अजून धारदार. पुढे उजवे पाऊल, मग पुन्हा डावे, पुन्हा ठिपका. दोन पावलांमधले अंतर लहान. आईची पावले अशीच लहान पडायची.

काय झाले असेल ते मला कळत होते. सौनाच्या ओसरीवर अदलाबदल झाली होती. आईची जोडी गावातल्या कुणा बाईकडे होती. ती बाई सकाळी पळत होती. एवढी साधी गोष्ट. पण मी ती वाक्य पुरे होण्याआधीच बाजूला ठेवली आणि ठशांच्या मागे निघाले. माझे पाऊल तिच्या पावलावर पडू नये म्हणून जरा उजवीकडून पळत राहिले. समोर कुणी नव्हते. ठसे होते, आणि ते पुढे जात होते, आणि ज्या अर्थी ते पुढे जात होते त्या अर्थी आई नुकतीच, अगदी नुकतीच इथून गेली होती. चर्चच्या बेटापाशी ती क्षणभर थांबली होती. तिथे दोन्ही पावले शेजारीशेजारी होती. श्वास घ्यायला ती तिथेच थांबायची.

बेटाच्या पुढे सामुद्रधुनीसारखी एक चिंचोळी जागा आहे, दोन किनारे जवळ येतात आणि खालून प्रवाह वाहतो. तिथे फांद्यांची रांग सरळ न जाता मोठे वळण घेते. ठसेही वळणावरून गेले होते.

त्या वळणावरूनच आई आणि हिल्कामावशी यांचे बिनसले होते. दोघी शाळेपासूनच्या मैत्रिणी. चाळीस वर्षे त्या बरोबर पळाल्या. मग तीन हिवाळ्यांपूर्वी फांद्या रोवायचे काम आईकडे आले आणि तिने ते वळण घातले. हिल्कामावशी म्हणाली की हे सहाशे पावलांचे फुकटचे लचांड आहे, आपल्या बापाने लाकडाने भरलेली घसरगाडी घोड्यासकट याच जागेवरून सरळ नेली होती. आई भर सौनात तिला म्हणाली, "आणि तो घोडा आता कुठे आहे ग, हिल्का?" घोडा कुठे आहे ते सगळ्या गावाला ठाऊक होते. तो त्या चिंचोळ्या पाण्याच्या तळाशी आहे, लाकडांसकट.

त्या दिवसापासून दोघींचे बोलणे बंद झाले. सौनाला दोघीही यायच्या, एकाच बाकावर बसायच्या, एकीने पाणी ओतले की दुसरी वाफ निमूट सोसायची, पण शब्द नाही. हिल्कामावशी निषेध म्हणून वळणापर्यंत पळायची आणि तिथून मागे फिरायची. तीन हिवाळे तिने वळणावर पाऊल टाकले नव्हते.

तेव्हा ही ती नव्हे, एवढे मला त्या सकाळी पक्के वाटले. मग कोण, याचा शोध मी त्या सकाळी केला नाही. ठसे किनाऱ्याला लागून गावाकडच्या तुडवलेल्या रस्त्यावर इतरांच्या पावलांत मिसळले, आणि मी घरी आले.

*

शनिवारी मात्र मी सौनाला गेले. ओसरीवर भिंतीला लाकडी पट्टी आहे आणि तिच्यात खुंट्या ठोकल्या आहेत. खिळे घालून आत जायचे नाही, फळ्या खराब होतात. म्हणून प्रत्येकजण आपली जोडी खुंटीला अडकवतो. काळे रबर, राखाडी खिळे, सगळ्या जोड्या बहिणी-बहिणी. मी एकेक उलटी करून पाहत होते तेव्हा केर्त्तू बाहेर आली. ती सौनाची व्यवस्था बघते आणि गावाचीही.

"काय शोधतेस, इंकेरी?"

मी सांगितले. ती टॉवेल गुंडाळून दारातच उभी राहिली, अंगातून वाफ निघत होती.

"बाई, या गावात नवरे बदलले तर निभावून नेतो आम्ही," ती म्हणाली. "खिळे बदलले की माणूस पडतं." मग तिच्या लक्षात आले की ती कुणाशी बोलते आहे, आणि तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. तो ओला आणि गरम होता.

आत बाकावर सात बायका होत्या. मी विचारले ते सगळ्यांना ऐकू गेले होते. प्रत्येकीने आपली जोडी आपलीच असल्याचे सांगितले. कुणीतरी म्हणाले की एल्मा गेल्यापासून हिल्का सौनाला फिरकलेली नाही. दुसरी म्हणाली, तिला आता न बोलायला कुणी उरले नाही, येऊन करेल काय. त्यावर थोडे हसू झाले आणि मग केर्त्तूने निखाऱ्यावरच्या दगडांवर पाणी ओतले आणि वाफेत सगळ्यांचे चेहरे दिसेनासे झाले.

*

त्यानंतर तीन आठवडे मी रोज पळाले. ठसे रोज असायचे, माझ्याआधी येऊन गेलेले. बर्फ पडला नसेल त्या दिवशी फक्त ठिपका दिसायचा, काळ्या थरावर पांढरा ओरखडा. कुठे फांदी कलली असेल तर तिथे पावले थांबलेली आणि फांदी सरळ केलेली असायची. बुडाशी बर्फ थापून घट्ट केलेला. आई असेच करायची. हळूहळू मला त्या वेळेची चटक लागली. उठावे, काळी कॉफी घ्यावी, राय धान्याच्या पावाचा तुकडा तोंडात धरून बूट चढवावेत आणि बाहेर पडावे. सकाळी मी तिला गाठू शकणार नाही आणि ती मला सोडून जाणार नाही, अशी काहीशी खात्री होती. जागेपणी पडणारे स्वप्न माणूस स्वतःच जपून धरतो, कप भरून चालत असल्यासारखे. मी कुणालाही काही विचारले नाही.

मग एका मंगळवारी परत येताना आमच्याच वाटेवर मला ठसे दिसले. तळ्यावरून ते वर चढले होते, आमच्या अंगणाच्या दिशेने. टोचे, टोचे, ठिपका. पाइनपर्यंत. पाइनसमोर ते थांबले होते, एकाच जागी पुष्कळ वेळा पाय बदललेले दिसत होते. आणि मग ते मागे फिरले होते.

मी तिथे किती वेळ उभी होते कोण जाणे. झाडावरची अक्षरे अजून ओली दिसत होती, डिंक ओघळला होता. मी घराकडे पाहिले. स्वयंपाकघरातला दिवा मी लावूनच गेले होते. म्हणजे तिने तो पाहिला असणार. दिवा पाहिला, नाव वाचले आणि परत गेली.

त्या दिवशी मी मामाला फोन केला आणि तुमची प्रथा लागू पडते, एवढेच सांगितले. तो मग म्हणाला, जेवतेस ना वेळेवर?

पुढच्या आठवड्यात ठसे आणखी दोनदा पाइनपर्यंत आले आणि दोन्ही वेळा परत गेले. मार्च संपत आला होता. छपरांवरून दुपारी पाणी ठिबकू लागले होते. माझ्याजवळ एकच आठवडा उरला होता, आणि माझ्या पायांत अजून परकी जोडी होती.

*

गुरुवारी मी उजाडण्याआधीच निघाले. रात्री थंडी पुन्हा कडक झाली होती आणि पहाटे तळ्यावर धुके बसले होते, हाताच्या अंतरावर पांढरे, वर गुलाबी. फांद्या एकेक करून धुक्यातून येत आणि मागे जात. त्यांच्यावर दवाचे काटे गोठले होते. बेटापर्यंत ठसे होते. बेटाच्या पुढे मला आवाज ऐकू आला.

टक. मग पोलादाची करकर, आणि पुन्हा टक.

तो माझ्या समोर होता. मी वेग वाढवला नाही. तोच ताल धरला आणि त्याच्यामागे पळत राहिले, डोळे अर्धे मिटून. धुक्यात आणखी कशाचीच गरज नव्हती. ती पुढे पळत होती, मी मागे होते, आणि सहा वर्षांचे 'बघते' त्या वेळेपुरते कुणी उच्चारलेच नव्हते. मग वळणाच्या सुरुवातीला आवाज थांबला. एक बुटकी आकृती वाकून फांदी सरळ करत होती. लोकरीची राखाडी टोपी. आईची टोपी निळी होती.

"रोज मी घरी पोचते तेव्हा तू निघतेस," ती मागे न वळता म्हणाली. "आज झोप लागली नाही वाटतं."

ती हिल्कामावशी होती.

मला रडू आले नाही, रागही आला नाही. दूर कुठेतरी तळे घुमले. मी म्हणाले, "मावशी, तुमच्या पायातले खिळे आईचे आहेत."

"ठाऊक आहे. तुझ्या पायात माझे आहेत. उजव्या चवड्याचा पुढचा खिळा बोथट झालाय, त्यावर भार देऊ नकोस."

मग तिने सगळे सांगितले, फांदीच्या बुडाशी बर्फ थापता थापता, माझ्याकडे न बघता. त्या बुधवारी ती सौनातून घाईने बाहेर पडली होती, एल्माच्या शेजारी बसून बूट चढवायला नको म्हणून. खुंटीवरून हाताला आली ती जोडी तिने उचलली. घरी जाऊन पाहते तो पितळी स्क्रू. शनिवारी परत द्यायचे तिने ठरवले. दोन दिवस ती वाक्य जुळवत होती.

"कोणतं वाक्य?"

"'हे घे तुझे.'" तिने हातमोजे झटकले. "तीन हिवाळ्यांनंतर एवढं पुष्कळ होतं. पुढचं ती बोलली असती. तिला बोलायला लागतंच."

मला आईचे फोनवरचे हसू आठवले. शनिवारी आता बोलावंच लागेल तिच्याशी. जोडी कुणाची आहे हे तिला पहिल्या पावलालाच कळले असणार. चाळीस वर्षे जिच्या शेजारी पळालो तिच्या पायाचे माप माणूस विसरत नाही. तिला शनिवारची घाई झाली होती, आणि मी क्रियापद शोधत होते.

मी हे मावशीला सांगितले. फोन, हसू, सगळे.  फांदी आता चांगली सरळ झाली होती, तरी ती थापतच राहिली.

"पाइनपर्यंत तुम्ही येत होतात," मी म्हणाले.

"तीनदा आले. परत करायलाच आले. पण ताव्हेत्तीला अक्कल नाही, केवढी खोल अक्षरं खोदलीत. मला वाटलं, हिचे खिळे पायात घालून मी त्या झाडापुढे गेले, तर ते पाऊल कुणाचं म्हणायचं? मेलेल्याचं पाऊल त्याच्यापुढे जाऊ नये."

"काढून हातात घेऊन यायचे होते."

"त्या उतारावर? खिळ्यांशिवाय?" तिने पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिले. "म्हणजे एल्माशेजारी मलाही पुरायचा बेत होता की काय तुझा?"

मला हसू आले. फार दिवसांनी आले म्हणून ते जरा खरखरीत निघाले. तीही हसली आणि तिच्या पापण्यांवरचा दहिवर गळून पडला. म्हणाली, एका सकाळी उशीर झाला तर माझेच ठसे माझ्यापुढे पळताना दिसले. तेव्हा वाटले, मेली ती एल्मा नव्हे, मीच, आणि मला कुणी सांगितलेच नाही.

धुके विरळ होऊ लागले होते. तिने हाताने चिंचोळ्या जागेकडे दाखवले. दोन किनाऱ्यांच्या मध्ये, जिथून तिच्या बापाची सरळ वाट गेली असती, तिथे एक काळा, ओला पट्टा होता. त्यातून वाफ निघत होती आणि कडेला एक बदक बसले होते.

"फेब्रुवारीपासून उघडं आहे ते," ती म्हणाली. "मी वळणापर्यंत येऊन परत फिरायचे ना, म्हणून कधी दिसलंच नाही. फांद्या कुणीतरी बघायला हव्यात म्हणून यंदा पहिल्यांदा इथून गेले." ती थांबली. "तिचं बरोबर होतं. आता हे कुणाला सांगू मी? पाइनला?"

"मला सांगितलंत," मी म्हणाले.

तिने मान हलवली. मग माझ्या खांद्याला धरून एका पायावर उभी राहिली, डाव्या बुटावरची जाळी ओढून काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. यासाठीच आली होतीस."

मी ती हातात घेतली. रबर टाचेपाशी पातळ झाले होते. पितळेचे डोके झिजून सोन्याच्या मण्यासारखे गुळगुळीत झाले होते, आणि अजून उबदार वाटत होते. ते कसे शक्य आहे, मला माहीत नाही. याचसाठी मी थांबले होते. चढवायचे आणि पळायचे, फेऱ्याचा अर्धा भाग अजून बाकी होता.

मी वळणाकडे पाहिले. तिथला बर्फ कोरा होता, त्यावर आज अजून कुणाचेच पाऊल नव्हते. ती जोडी माझ्या पायात असती, तर तो ठिपका माझ्या मागे उमटत गेला असता. मला तो दिसला नसता. महिनाभर मी ज्याच्या मागे पळत होते ते मग पुढे कुणीच नसते, फक्त मी असते.

मी बर्फावर गुडघा टेकला आणि जाळी मावशीच्या बुटावर परत चढवली. आधी चवडा, मग अंगठ्याने ताणून टाच. लहानपणी आई माझ्या पायात अशीच चढवायची. मावशीने माझ्या टोपीवर हात ठेवून तोल सांभाळला होता, तो तिने लगेच काढला नाही.

"तुम्ही पुढे पळा," मी म्हणाले. "मी मागून येते."

"मी हळू पळते."

"आईही हळूच पळायची."

"माझ्याहून हळू," हिल्कामावशी म्हणाली. "हे लिहून ठेव."

ती निघाली. मी दहा पावले जाऊ दिली आणि मग निघाले. वळणाचा कोरा बर्फ, तिचा करकर आवाज, आणि दर दुसऱ्या पावलाला टक. ठिपका माझ्या डोळ्यांसमोर एकेक करून उमटत होता, आधी काळा, मग कडेने पांढरा होणारा. डावीकडे उघड्या पाण्यातून वाफ येत होती. ऊन धुक्याच्या वर आले आणि फांद्यांवरचे काटे पेटल्यासारखे दिसले, मग वितळून काळे झाले. सहाशे पावले असतील त्या वळणाची. मी मोजली नाहीत.

फेरा पुरा झाला तेव्हा ती गावाकडे न वळता आमच्या किनाऱ्याला लागली. उतार चढून पाइनपाशी थांबली. पुढे आली नाही. मीही बोलावले नाही. घरात जाऊन कॉफीचा थर्मास आणि वेलचीचा पाव घेऊन आले, आणि आम्ही झाडाखाली उभ्यानेच कॉफी प्यालो. मावशीने अक्षरांवरचा डिंक नखाने खरवडून काढला आणि बोट पुसले.

"सोमवारी जातेस?"

"सोमवारी."

"मग शनिवारी सौनाला ये," ती म्हणाली. "तिथे बोलू."

ती उतारावरून खाली गेली, आडवी पावले टाकत. मी कप हातात धरून उभी राहिले, आणि तळ्यावर तो टकटक आवाज ऐकू येत होता तोवर तिथेच उभी होते.